मध्यमराव ऑर्किड निवडतात

आमच्या चौकात केस कापायचं एक दुकान आहे. दोन खुर्च्या, भिंतभर आरसा आणि फळीवर ओळीनं मांडलेल्या कात्र्या. दुसरी खुर्ची कायम मोकळी, तिच्यावर जुनी वर्तमानपत्रं बसलेली असतात. दुकानाच्या मालकाला सगळा चौक मध्यमराव म्हणतो. खरं नाव त्यांच्या बायकोला ठाऊक असेल, पण तीही 'अहो' म्हणूनच हाक मारते, तेव्हा तिचाही भरवसा देता येत नाही.

हे नाव उगाच पडलेलं नाही. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं, गळ्याभोवती पांढरं कापड आवळलं, की मध्यमराव विचारणार, "किती ठेवू?" बारीक म्हणा, बारीक कापतील. लांब म्हणा, नुसती टोकं उडवतील. पण एखादा खुशालचेंडू डोळे मिटून म्हणाला, "तुम्हीच बघा काय ते," की यांचा हात हवेत थांबतो. चेहरा असा होतो, जसं काही पोलिसांनी चोर ओळखायला बोलावलंय. मग ते मध्यम कापतात. आमच्या चौकातले निम्मे पुरुष पाठमोरे सारखे दिसतात ते यामुळेच. एकदा पाठीमागून हाक मारून मी भलत्याच माणसाला चहा पाजलाय.

घरी तर विचारायलाच नको. बायको मोठ्या इस्पितळात पुरुषांच्या वॉर्डात नर्स. दिवसभर चाळीस माणसांना कूस बदलायला लावून घरी येते, तिथं एक्केचाळिसाव्याचं काय घेऊन बसलात. शर्ट ती आणते, भाजी ती आणते, लेकीनं काय शिकायचं ते तिनं ठरवलं, भिंतीला पिस्ता रंग तिनं लावला. मध्यमरावांचं उत्तर ठरलेलं, "तू म्हणशील तसं." बिचारा वगैरे म्हणायचं कारण नाही. गडी मजेत होता. ठरवायची कटकट नाही, चुकलं तर बोलणी नाहीत.

असा हा माणूस एका दाढेपायी बिघडला.

दाढ ठणकायला लागली म्हणून बायकोनं त्यांना दातांच्या डॉक्टरकडे पाठवलं. डॉक्टरही बायकोनंच निवडलेले. तिथं मध्यमराव आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्याच्या खुर्चीत मागं रेलून बसले. गळ्याला कापड, तोंडावर दिवा, जबड्यात सुई. मान हलवायची सोय नाही, म्हणून नजर जाईल तिकडे बघत राहिले, आणि ती गेली खिडकीवर. खिडकीत एक कुंडी होती. त्यातून एक लांब दांडी निघून अलगद वाकलेली, आणि तिच्यावर ओळीनं जांभळी फुलं. अशी की आता खिडकी उघडली तर भर्रकन उडून जातील.

मध्यमरावांच्या तोंडात डॉक्टरांचे दोन हात होते. तरी त्यांनी विचारलं, "ए आय आए?"

दातांचे डॉक्टर ही भाषा शिकूनच येतात. "ऑर्किड आहे," ते म्हणाले. "आवडलं?"

"ओओ."

मग दाढ कोरता कोरता डॉक्टरांनी ऑर्किडची सगळी कुळकथा ऐकवली. समोरच्याला मध्येच तोडता येत नसलं की सांगणाऱ्याला भलता हुरूप येतो. याला माती लागत नाही, म्हणाले, झाडाच्या सालीचे तुकडे घालायचे. उन्हात भाजायचं नाही, अंधारात कोंडायचं नाही, सकाळच्या उजेडाची खिडकी द्यायची. पाणी बेतानं, आतली हिरवी मुळं रुपेरी झाली की मगच. नवशिक्यांची ऑर्किडं तहानेनं मरत नाहीत, बुडून मरतात. "आणि विकत घेताना फुलांवर जाऊ नका. फुलं आज आहेत, उद्या गळतील. पानं जाड हवीत, आणि कुंडी पारदर्शक असते तिच्यातून आतली मुळं बघायची. हिरवी, रुपेरी असली तर ठणठणीत. तपकिरी गाळ दिसला तर पाय लावून पळा."

मध्यमराव तिथून बाहेर पडले ते अर्ध्या सुन्न तोंडानं हसतच. रस्त्यानं लोक बघत होते. एका बाजूनं हसू आणि दुसऱ्या बाजूनं लाळ, असा माणूस रोज दिसत नाही.

घरी आल्या आल्या त्यांनी जाहीर केलं, "मी एक ऑर्किड आणणार आहे."

बायकोनं त्यांच्या डोळ्यात बॅटरी मारून पाहिली. "सुईचा अंमल आहे. पडून राहा."

संध्याकाळी अंमल उतरला. मध्यमरावांनी तेच वाक्य पुन्हा म्हटलं, या वेळी स्पष्ट. बायको कपड्यांच्या घड्या घालत होती, ती थांबली.

"बरं. पुढच्या सुट्टीला जाऊ, मी बघते एखादं."

"तू नको. मी एकटा जाणार. मीच निवडणार."

आता ती हातातली चादर सोडून हसायला लागली. "तुम्ही? अहो, मागं चपला घ्यायला एकट्याला पाठवलं होतं, तर दोन दुकानांतून दोन कॅटलॉग घेऊन आलात. एका पायाला कुठली घेऊ आणि दुसऱ्या पायाला कुठली, असं विचारलं नाहीत एवढंच नशीब."

"ती चप्पल होती."

"आणि हे?"

 मध्यमरावांनी हातानं हवेत एक वाकलेली दांडी काढून दाखवली. बायकोनं ती पाहिली आणि मग वॉर्डात देते तशी सूचना दिली. "जा. पण मला फोन करायचा नाही. कुणाला विचारायचं नाही. स्वतः निवडून आणलंत तर ठेवीन. रिकाम्या हातानं आलात, नाही तर दुसऱ्याच्या पसंतीचं घेऊन आलात, तर मी दुसऱ्या दिवशी प्लास्टिकचं आणणार. गुलाबी. पुसलं की झालं. आणि ते मग जन्मभर इथं राहणार."

प्लास्टिकचं नाव काढल्यावर मध्यमरावांच्या भरलेल्या दाढेत एक कळ गेली. पण गडी मागं हटला नाही.

सुट्टीच्या दिवशी सकाळीच ते बसनं नर्सरीत गेले. अंगात इस्त्रीचा शर्ट, केसांना तेल, मिशी नुकतीच कातरलेली. लेकाचा, मुलगी बघायला निघाल्यासारखा निघाला होता. मिशीसाठीची ती बारीक कात्री वरच्या खिशातच राहिली. ती नेहमी तिथंच असते. देवाच्या दारी गेला तरी हा माणूस कात्री घेऊन जाईल.

नर्सरी म्हणजे हिरव्या जाळीखालचा लांबट मांडव. आत पाऊल टाकलं की ओल्या सालीचा वास, पायाखाली ठिबकणारं पाणी, कोपऱ्यात खुरखुरणारा रेडिओ. मालकीणबाई गुडघ्यापर्यंत रबरी बूट घालून नळीनं पाणी मारत होत्या. मध्यमरावांनी "ऑर्किड" म्हटल्यावर त्यांनी नळीनंच दिशा दाखवली.

आणि मांडवाच्या त्या टोकाला मध्यमराव पोचले मात्र, ते जागीच थबकले. फळ्यांवर फळ्या, आणि त्यांच्यावर सगळीकडे फुलं. पांढरी, जांभळी, पिवळी, पिवळ्यावर तपकिरी ठिपक्यांची, गुलाबी रेघांची, एक तर हिरवट, जणू फूल व्हायचं की पान याचा निर्णयच लागलेला नाही. त्याच्याबद्दल मध्यमरावांना लगेच आपुलकी वाटली.

ते एका टोकापासून दुसऱ्या टोकाला गेले. मग परत आले. मग प्रत्येक कुंडी फिरवून पाठमोरी बघायला लागले. ही त्यांच्या धंद्याची खोड. माणूस कसा आहे हे त्यांना मानेवरूनच कळतं, तोंडावरून नाही. पांढरं मागून छान होतं. पिवळं पुढून छान होतं. जांभळं दोन्हीकडून छान होतं, पण ते डॉक्टरांचं झालं. पानं सगळ्यांची जाड, मुळं सगळ्यांची रुपेरी. एकाच्या तरी कुंडीत गाळ दिसता तर तेवढं एक तरी कमी झालं असतं.

डोकं गरगरायला लागलं. पण वाईट नव्हे हं, जत्रेतल्या पाळण्यात गरगरतं तसं. मध्यमराव एकटेच खुदकन हसले. मग त्यांना बायकोची अट आठवली. एक बाई बाबागाडी घेऊन तिथनं चालल्या होत्या. मध्यमराव त्यांना म्हणाले, "ताई, विचारत नाहीये हं मी. पण समजा एखाद्या माणसाला पिवळं घ्यावं की पांढरं—"

"तुम्ही विचारताय," बाई म्हणाल्या.

"नाही, नाही. मोठ्यानं बोलतोय."

"मग बोला," म्हणून त्या पुढं गेल्या. बाबागाडीतलं पोर मात्र मान वळवून यांच्याकडे बघत राहिलं.

शेवटी मध्यमराव मालकीणबाईंकडे गेले. "बाई, तुमच्या दुकानात सगळ्यात चांगलं कुठलं?"

"सगळी माझीच आहेत," बाई नळी न थांबवता म्हणाल्या. "आईला विचारताय का कुठलं पोर चांगलं? तुम्ही बघा निवांत. मी तिकडे माती भरायला जातेय."

म्हणजे इथंही 'तुम्हीच बघा'. मध्यमराव पुन्हा एकटे पडले. हिंडत हिंडत ते मांडवाच्या पार मागच्या कोपऱ्यात आले, जिथं गिऱ्हाईक सहसा येत नाही. तिथं उपड्या क्रेटवर बहर ओसरलेली झाडं ठेवली होती. फुलं नाहीत, दांडी नाही, नुसती पानं. त्यातलं एक तर असं होतं की बघवेना. पानं चारी दिशांना पसरलेली, एकावर उन्हाचा डाग, आणि कुंडीच्या काठावरून बाहेर रुपेरी करड्या दोऱ्या लोंबत होत्या, कानावर, कपाळावर, मानेवर, जिकडे वाट मिळेल तिकडे. तुरुंगातून सुटलेला माणूस पहिल्यांदा दुकानात येतो ना, अगदी तसं.

मध्यमराव त्या क्रेटशेजारी उभे राहून विचार करायला लागले. पिवळं की पांढरं. पांढरं की पिवळं. आता या माणसाचं असं आहे, की डोकं विचारात असलं की हात मोकळा राहत नाही. दुकानात गिऱ्हाईक गप्पा मारत असलं तर यांची कात्री हवेतच चक् चक् चालू असते. इथंही तो हात खिशात गेला, कात्री बाहेर आली. आधी हवेतच चालली. पांढरं, चक् चक्. पिवळं, चक् चक्. मग डाव्या हाताची दोन बोटं आपोआप पुढं झाली, एक लोंबती दोरी चिमटीत धरली, आणि कच्.

मग दुसरी. मग तिसरी. मग मध्यमरावांनी कुंडी अर्धी फिरवली, दोन्ही बाजू सारख्या झाल्या का ते पाहिलं, आणि मानेवरची एक काढली. खिशातल्या रुमालानं पानं पुसली, एक पान जरा वर उचलून बसवलं. आणि सवयीनं समोर आरसा धरायला हात वर गेला, तेव्हा समोर मालकीणबाई उभ्या होत्या.

"हे काय केलंत?"

मध्यमराव जागे झाले. "जरा साफ केलं. फार वाढली होती."

"काय वाढलं होतं?"

"हे... वाळलेलं."

बाईंनी वाकून जमिनीवरचा एक तुकडा उचलला आणि त्यांच्या नाकासमोर धरला. करड्या सालीच्या टोकाला मुगाएवढं हिरवंगार, चकचकीत बोंड होतं. "हे मूळ आहे. जिवंत. ऑर्किडची मुळं बाहेरही येतात, हवेत. ते असंच असतं. अहो, तुम्ही त्याची मुळं भादरलीत."

 डॉक्टरांनी आतल्या मुळांचं सगळं सांगितलं होतं, बाहेरच्यांचं अवाक्षर नाही. मध्यमरावांनी घाईघाईनं दुसऱ्या खिशातून तुरटीचा खडा काढला. कापलं की तुरटी, एवढंच त्यांना ठाऊक. तो खडा मुळाला लागणार, तेवढ्यात बाईंनी त्यांच्या हातावर चापट मारली.

"त्याची दाढी नाही केलीत तुम्ही. द्या इकडे. कात्री स्वच्छ होती का?"

आता मात्र मध्यमरावांना राग आला. "माझी कात्री रोज औषधाच्या पाण्यात बुडवलेली असते. पाहिजे तर वास घ्या."

बाईंनी खरंच वास घेतला. मग आत जाऊन दालचिनीची पूड आणली आणि कुजू नयेत म्हणून कापलेल्या टोकांवर चिमटी चिमटी लावली. कुंडी उजेडाकडे धरून आत पाहिलं. "आतली मुळं भरपूर आहेत. मरणार नाही. नवी फुटतील." एवढं म्हणून त्या कुंडीकडे बघत राहिल्या. दोन्ही बाजू इतक्या सारख्या होत्या, की त्यांना हसू आवरेना. त्या क्रेटवरच बसल्या आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. "काय बाई कापलंय. कानावर कट सुद्धा मारलाय हो."

"मी भरून देतो," मध्यमराव खालमानेनं म्हणाले. "हेच घेतो मी."

"काही नको. असल्याचं मी कुणाकडून काय घ्यायचं? हे राहू दे इथंच." बाईंनी डोळे पुसले. "एवढं हसवलंत, म्हणून सांगते. मघाशी विचारत होतात ना? पांढरं घ्या. ती दुसऱ्या फळीवरची, डावीकडून तिसरी. कळ्या पण आहेत. नवशिक्या माणसाला डोळे मिटून तेच द्यावं. घरी बायको खूश होईल."

घ्या. सकाळपासून ज्याच्यासाठी हा माणूस वणवण करत होता, ते आयतं तोंडात घातलं होतं. कुणी विचारलं असतं तर शपथेवर सांगता आलं असतं, की मी मागितलं नव्हतं, त्यांनीच दिलं. मध्यमराव दुसऱ्या फळीपाशी गेले. पांढरं ऑर्किड खरोखरच देखणं होतं. पुढून, मागून, बाजूनं. त्यांनी कुंडी उचललीसुद्धा. 'तू म्हणशील तसं' हे शब्द ओठावर आले.

आणि त्यांची मान आपसूक मागं वळली. क्रेटवर ते भादरलेलं झाड बसलं होतं. पानं पुसलेली, एक पान वर बसवलेलं. त्या सगळ्या मांडवात एवढंच एक असं होतं, की जे सकाळपेक्षा आता वेगळं दिसत होतं, आणि ते वेगळेपण कुणाला विचारून केलेलं नव्हतं.

मध्यमरावांनी पांढरं खाली ठेवलं.

"नको," ते म्हणाले. "मला ते पाहिजे."

"अहो, त्याला फुलं कधी येतील याचा नेम नाही."

"असू दे."

"वाईट वाटलं म्हणून घेऊ नका."

"वाईट कसलं वाटायचंय? मला ते आवडलं." हे बोलले आणि स्वतःच दचकले. मग पुन्हा एकदा म्हणून पाहिलं, चव बघितल्यासारखं. "आवडलंय मला ते."

परतीच्या बसमध्ये मध्यमरावांना काय झालं होतं ते त्यांनाच ठाऊक. कुंडी मांडीवर, पाय जमिनीला टेकत नाहीत अशी अवस्था. शेजारच्या आजोबांनी विचारलं, "कांद्याची पात आहे का?" तर हे म्हणाले, "ऑर्किड आहे. मी निवडलंय." कंडक्टर म्हणाला, "सामानाला तिकीट पडेल." हे म्हणाले, "ते फाडा, पण तुमचे कल्ले वरखाली आहेत. डावा अर्धं बोट खाली. अजिबात ठेवू नका, कानाच्या वरच संपवा, तोंड उठून दिसेल." कंडक्टरनं खिडकीच्या काचेत पाहिलं आणि तिकीट फाडायचं विसरला. पुढच्या सीटवरच्या एका केसाळ पोऱ्याला त्यांनी न विचारता सांगितलं की मागं एवढं जंगल शोभत नाही. आजोबांना म्हणाले, तुम्ही मात्र वाढवा. आयुष्यात एवढी मतं या माणसानं एका बैठकीत कधी दिली नव्हती. त्या भरात उतरायचं ठिकाण कधीच मागं गेलं. परत चालत आले तेव्हाही तोंड बंद नव्हतं, फक्त ऐकायला झाड तेवढं होतं.

बायकोनं दार उघडलं. मध्यमरावांनी कुंडी पुढं केली.

तिनं ती हातात घेतली आणि इस्पितळात नव्यानं भरती झालेल्या पेशंटकडे बघतात तसं बघितलं. डाग पाहिला. मग तपकिरी पूड लावलेली टोकं. "याला अपघात झालाय?"

"नाही. मी कापलं."

"काय कापलं?"

मध्यमरावांनी सगळं सांगितलं. काही लपवलं नाही, तुरटीसुद्धा. ऐकता ऐकता बायको भिंतीला टेकली, मग खुर्चीत बसली, मग पदर तोंडात धरला तरी हसू बाहेर यायचं ते आलंच. शेवटी श्वास सापडल्यावर ती प्रेमानंच म्हणाली, "असू दे. व्हायचंच होतं. उद्या माझी दुपारची पाळी आहे. सकाळी जाऊ दोघं, त्या बाईंना सांगू, आणि ते कळ्यांवालं पांढरं घेऊन येऊ. प्लास्टिकचं नाही आणत, बस?"

इतकी चांगली तडजोड त्या घरात बऱ्याच काळात झाली नव्हती.

"नको," मध्यमराव म्हणाले.

बायको उठली आणि तिनं त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता. मनगट धरून नाडी मोजली. नाडी मात्र पळत होती.

"अहो, बदलून देतील त्या. फुलांचं."

"मला फुलांचं नकोय. हे पाहिजे. आणि हे खिडकीत राहणार, त्या पूर्वेच्या. तिथली तुझी औषधांची पेटी हलवावी लागेल."

 बायको त्यांच्याकडे अशी बघत राहिली, जशी काही भिंतीवरच्या घड्याळानं तिला वेळ सोडून दुसरंच काही सांगितलंय. मग ती गेली, औषधांची पेटी उचलली, कपाटावर ठेवली आणि खिडकीचा कट्टा ओल्या फडक्यानं दोनदा पुसला. तिला अर्धवट काम येत नाही. कुंडी ठेवल्यावर लगेच ती म्हणाली, "सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला पाणी देत जाईन मी."

"मुळीच नाही. आतली मुळं रुपेरी दिसायला लागली की मगच. ते मी बघणार."

"अजून एक?" बायको म्हणाली. "एका दिवसात किती 'नाही' म्हणायचं ठरवून आलायत? सांगून ठेवा, म्हणजे बसून ऐकते."

पण ती उभीच राहिली, त्यांच्या शेजारी, हातात ओलं फडकं घेऊन. उजेड त्या पाच-सहा पानांवर पडला होता आणि कापलेली टोकं दोन्ही बाजूंना अगदी सारखी दिसत होती. बराच वेळ बघून तिनं तोंड वेडंवाकडं केलं.

"दिसतंय मात्र भयंकर."

"हो ना," मध्यमराव म्हणाले. त्यांना नुसतं हसू फुटत होतं. "आणि एवढ्या सगळ्यांतून निवडलंय मी."